मोजणीदार काकांचं न लिहिलेलं गाव

मराठवाड्यात आजवर जेवढी म्हणून तटस्थ माणसं जन्माला आली असतील, त्या सगळ्यांचा तटस्थपणा गोळा करून तराजूच्या एका पारड्यात टाकला आणि दुसऱ्या पारड्यात आमच्या लातूरच्या मोजणीदार काकांना बसवलं, तर काकांचं पारडं खाली जाईल. आणि काका खाली उतरून आधी तो तराजू बरोबर आहे का ते तपासतील. या माणसानं मला जितका संताप दिला तितका माझ्या नवऱ्यानंही दिलेला नाही, आणि नवऱ्यानं त्यासाठी वीस वर्षं मनापासून मेहनत घेतलेली आहे. काका म्हणजे माझे सख्खे, चुलत, मावस कोणीच नव्हेत. इंटरनेटवर तो एक मुक्त ज्ञानकोश आहे ना, जिथं कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं आणि कोणी कोणाचे आभार मानायची अपेक्षा ठेवू नये, तिथं आम्ही दोघं मराठीतून लिहितो. तिथली ही ओळख. मी नांदेडला एका क्लासमध्ये बारावीच्या मुलींना बायॉलॉजी शिकवते. काका लातूरचे, जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधावर साखळी धरली आणि निवृत्त झाल्यावर ती साखळी आमच्या वाक्यांवर धरली.

मुखेड हे माझं माहेर. ज्ञानकोशावर मुखेडचा लेख धड नाही हे बघून मी दोन रविवार खपले. आठवडी बाजाराचं वर्णन केलं, तिथल्या माणसांचा मायाळू स्वभाव लिहिला, आमच्या शाळेतल्या बाई किती जीव लावायच्या तेही लिहिलं. सकाळी लेख टाकला, भाजी फोडणीला घालून परत आले, तर लेखाच्या तीन ओळी उरल्या होत्या. मुखेड हे तालुक्याचं ठिकाण आहे. शेती कोरडवाहू आहे. आठवडी बाजार भरतो. संपलं माझं माहेर! खाली चर्चेच्या पानावर निरोप होता: ‘महोदया, सदर लेखात आपण माहेरची बाजू मांडल्याचे दिसते. ज्ञानकोश म्हणजे रुखवत नव्हे. कळावे.’

कळावे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चार परिच्छेद सुनावले. त्यांनी चारही परिच्छेदांना क्रमांक देऊन उत्तरं पाठवली. असं तीन दिवस चाललं आणि चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. लिहिताना हा माणूस तहसीलदाराच्या वरचा आणि बोलताना थेट शिवारातला. “बाई, लातूरहून बोलायलाव. ते रुखवताचं मीच लिवलं होतं. राग आला का?”

“आला.”

“लई?”

“लई!”

“मग बेस झालं. ज्याला राग येतो तेच टिकतंय इथं. बाकीचे दोन दिसात पळतेत. कागद-पेन घ्या, संदर्भ कसा द्यायचा ते सांगतो.”

आणि पुढचा महिनाभर रोज, माझ्या दोन बॅचेसच्या मधल्या सुट्टीत, या माणसानं मला फोनवरून शिकवलं. माझा डबा तसाच राहायचा. शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही, याचा तर मला जास्त राग यायचा. मी तीनदा तीच चूक केली की ते म्हणायचे, “हाव, हाव, होतंय. परत करा.” माझ्या विद्यार्थिनींना मी असं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

काकांची पहिली खोड म्हणजे बघितल्याशिवाय लिहायचं नाही. एखाद्या गावाच्या पानावर ‘गावात मोठा तलाव आहे’ असं कोणी लिहिलं की काका ज्येष्ठ नागरिकाचा पास घेऊन एसटीत बसलेच. जाऊन तलाव बघणार, काठानं चालत फेरी मारणार आणि परत येऊन ‘मोठा’ हा शब्द काढणार. एवढ्यासाठी दिवसभराचा प्रवास! अर्धापूरच्या केळीवर लेख लिहायला गेले तेव्हा मी सोबत होते. बागवाल्यानं कौतुकानं फणीच्या फणी पुढं केली. काका दोन पावलं मागं सरकले. “लेख होईपर्यंत न्हाई. खाल्लं की गोड लिवलं जातंय.” तो बिचारा शेतकरी माझ्याकडं बघायला लागला. मी तिथंच उभ्यानं चार केळी खाल्ली, साली काकांच्या पिशवीत टाकल्या आणि लेखात एकही गोड शब्द लिहिला नाही. लेख पूर्ण झाल्यावर हा माणूस पुन्हा लातूरहून अर्धापूरला गेला, त्याच बागेत उभा राहिला आणि म्हणाला, “आता द्या.”

लातुरात त्यांचं घर बरोबर क्लासेसच्या पेठेत. अख्ख्या गल्लीत घर दिसत नाही, फलकच दिसतात. या फलकावर हसणाऱ्या पोरी, त्या फलकावर टाय लावलेले सर, सगळीकडं राज्यात पहिला, देशात पहिला, विश्वात पहिला. मी स्वतः त्याच धंद्यातली असून मला ते बघून मळमळतं. त्या सगळ्यात काकांच्या फाटकावर हातानं लिहिलेली पाटी होती: ‘मुलींसाठी खोली भाड्याने देणे आहे. खिडकी पूर्वेस. पाणी एक दिवसाआड. येथे राहून गेलेल्यांपैकी काही उत्तीर्ण व काही अनुत्तीर्ण झाल्या. त्याचा खोलीशी संबंध आढळला नाही.’ मी म्हटलं, काका, कोण येणार इथं? पण त्यांची खोली कधी रिकामी राहिली नाही. गावाकडून आलेल्या आया ती पाटी वाचायच्या, एकमेकींकडं बघायच्या आणि ट्रंका आत घ्यायच्या.

आमच्या क्लासच्या मालकांनी एकदा मला बोलावून सांगितलं, मॅडम, तुम्ही त्या कोशावर लिहिता म्हणे, मग आपल्या क्लासचं पान होऊन जाऊ द्या. नोकरीचा प्रश्न. मी दात-ओठ खात पान केलं. दुपारपर्यंत काकांनी ते काढायला लावलं. मी फोनवर किंचाळलेच, “काका, माझी नोकरी जाईल!” तर शांतपणे म्हणतात कसे, “नोकरी दुसरी मिळतीया बाई. कोशातली घाण निघत न्हाई.” मी फोन आपटला. दोन दिवसांनी मालकांच्या टेबलावर काकांचं पत्र आलं, सरकारी थाटाचं, विषय आणि संदर्भासकट, की ‘सदर पान नियमाने काढले असून यात मॅडमचा दोष नाही, उलट त्यांच्यासारख्या शिक्षिका आपल्या संस्थेत आहेत ही बाब नोंद घेण्यासारखी आहे.’ मालकांनी ते पत्र फ्रेम करून ऑफिसात लावलं. माझी वेळ निभावली, पण माफी मागितली का या माणसानं? नाव नको.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती सांगते. नांदेड-लातूरचे आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा लातूरच्या बसस्टँडजवळ एका हॉटेलात भेटायचो. कोणी शिक्षक, कोणी कंपाउंडर, एक धर्माबादचे अडते होते जे एका बोटानं टाइप करायचे आणि तरी सगळ्यांत जास्त लिहायचे. काकांनी तिथं एक रीत पाडली होती. आपल्या गावावर आपण लिहायचं नाही. प्रत्येकानं आपल्या गावाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या बशीत टाकायच्या आणि ज्याच्या हाती जी येईल त्या गावावर त्यानं लिहायचं. मुखेड धर्माबादच्या अडत्यांकडं गेलं, धर्माबादची मिरची माझ्या नशिबी आली आणि मी तिथल्या बाजारात आठवडाभराचं शिंकून आले. काका म्हणायचे, “खात्यात आमचा नेम होता. आपल्या भावकीच्या शेतावर आपण साखळी धरायची न्हाई. दुसऱ्याला धरू द्यायची.” पण काकांनी स्वतःची चिठ्ठी कधी टाकली नाही. कोणी विचारलं की म्हणायचे, “मी लातूरचा. लातूरवर लिवणारे ढीग हायत.” आम्हाला ते खरं वाटलं.

मग एक दिवस मी सफाई काढली. ज्ञानकोशावर यंत्रानं तयार केलेली गावांची हजारो पानं आहेत, एकेका गावाची दोन-दोन. काकांनीच शिकवलं होतं की एकाच नावाची दोन पानं दिसली की प्रस्ताव ठेवायचा, सात दिवस थांबायचं, कोणी हरकत घेतली नाही की एक पान दुसऱ्यात मिसळून टाकायचं. त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी सुरुवात केली. त्या यादीत भूकंपात जमीनदोस्त झालेलं एक गाव आलं. भूकंपानंतर त्या गावाचं दुसरीकडं पुनर्वसन झालं होतं, म्हणून नव्या गावाचं एक पान आणि जुन्याचं एक. जुन्या पानावर होतं काय? नाव, नकाशावरचा एक ठिपका आणि लोकसंख्या शून्य. मी प्रस्तावात लिहिलं: ‘या ठिकाणी कोणीही राहत नाही. स्वतंत्र पानाची गरज नाही.’ सात दिवसांत एकानंही हरकत घेतली नाही. काका, जे पूर्णविरामालाही हरकत घ्यायचे, त्यांनी फक्त एवढं नोंदवलं: ‘मत देत नाही.’ मला तर उलट बरं वाटलं. चला, एकदाचं काम बिनचूक झालं! आठव्या दिवशी मी जुनं गाव पुसून नव्यात मिसळलं.

त्या महिन्याच्या बैठकीला काका आले नाहीत. फोन उचलेनात. मी चिडूनच त्यांच्या घरी गेले, कारण पाच माणसं कामधंदे सोडून येतात आणि हा माणूस साधा निरोप देत नाही म्हणजे काय? दार काकूंनी उघडलं. काकूंची माझी तोवर भेट झालेली नव्हती, मी फाटकावरूनच परतायचे, फोनवर फक्त “देते हं त्यांना” एवढंच बोलणं व्हायचं. मी कोण ते न विचारताच मला खुर्ची देऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, “बसा बाई. त्यांचं काही खरं न्हाई सध्या. धड जेवेनात. त्यांचं गाव काढून टाकलं कुणीतरी.”

“कोणतं गाव? काकांचं गाव तर लातूर ना?”

“कुठलं लातूर? भूकंपातलं गाव की हो आमचं. सासूबाई आणि धाकट्या नणंदबाई तिथंच गेल्या. आम्ही नोकरीपायी लातुरात होतो म्हणून वाचलो. त्या कोशात जुन्या गावाचं पान होतं एक. रोज सकाळी आंघोळ झाली की उघडायचे, ठिपका मोठा करून बघायचे आणि बंद करायचे. हात न्हाई लावायचे. आता ते उघडलं की नवंच गाव येतंय म्हणतेत. कुणी नांदेडची बाई हाय म्हणे, तिनं काढलं.”

मला त्या खुर्चीत नुसतं बसवेना. आतल्या खोलीत काका पलंगावर बसून वर्तमानपत्र वाचत होते, किंवा धरून बसले होते. मी सरळ आत गेले आणि ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळतं, पण मला दुसरं काही येत नव्हतं. “नांदेडची बाई आली आहे! तोंड नव्हतं का तुम्हाला? एक शब्द टाकला असता तर मी हात लावला असता का?”

“माझं गाव हाय ते, बाई,” ते म्हणाले. “मी कसं बोलू?”

“मत देत नाही म्हणे! कशाला नाही दिलंत मत?”

“आपल्या बांधावर आपण उभं राहून मोजणी सांगायची असती का? तुमचं काम नियमात झालंय. मी बघितलं की. एक चूक न्हाई त्यात.”

चूक नाही! पैकीच्या पैकी मार्क! त्या क्षणी मला त्यांचा, माझा, त्या नियमांचा आणि ते नियम मला उपाशी ठेवून शिकवल्याचा असा काही राग आला की मी रडायलाच लागले. काकू पाणी घेऊन आल्या. त्यांनीच मग सांगितलं की पुनर्वसनाच्या वेळी नव्या गावाचे प्लॉट पाडायचं काम खात्यानं काकांकडं दिलं होतं. काकांनी लेखी कळवलं, माझं गाव आहे, दुसरा माणूस द्या. दुसऱ्या माणसानं पाडले आणि यांच्या घरच्यांच्या वाट्याला नाल्याकडंचा कोपरा आला. थोरल्या भावानं तेव्हापासून बोलणं टाकलं ते टाकलंच. “त्यात बी म्हणले, मोजणी बरोबर हाय,” काकू म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला काकूंच्या आवाजात माझाच राग ऐकू आला.

मी तिथंच मोबाइल काढून माझं काम उलटवायला घेतलं. काकांनी हात वर केला. “तसं न्हाई करता येत. चर्चेत ठरलंय ते. नवा संदर्भ आणल्याशिवाय फिरवायचं न्हाई.”

“स्वतःचं गाव परत येतंय तरीसुद्धा?”

“म्हणून तर.”

घ्या! अशा माणसाचं काय करावं? खात्यात जुन्या गावठाणाचा नकाशा असणार हे त्यांना तोंडपाठ होतं. एक फोन केला असता तर जुन्या हाताखालच्या कोणीही तो घरपोच आणून दिला असता. पण नाही, गाव त्यांचं! मग मी क्लासला रजा टाकून नांदेडहून लातूरला दोनदा आले, अर्ज केला, रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, “मॅडम, तुमचा या गावाशी काय संबंध?”

“काहीच नाही. म्हणून तर मला पाठवलंय,” मी म्हणाले. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि पुढं काही न विचारता शिक्का मारला.

नकाशा हातात घेऊन मी चर्चा पुन्हा उघडली. कोणी एकानं लांबून शंका काढली की उजाड जागांची पानं ठेवायला लागलो तर कुठवर ठेवणार. मी त्याला असं काही लिहिलं, असं काही लिहिलं की आमच्या गल्लीत ते मोठ्यानं वाचता आलं नसतं. पाच मिनिटांत काकांचा फोन. “बाई, विषयावर बोलत न्हाई. भाषेवर बोलायलाव. विशेषणं काढा. राग तसाबी कळतोय.” मी विशेषणं काढली. फारच थोडं उरलं, पण ते टिकलं. आमच्या हॉटेलातल्या बाकी सगळ्यांनी आपापलं कारण देऊन पाठिंबा दिला, अडत्यांनी एका बोटानं एक अख्खं पान लिहिलं, आणि सात दिवसांनी जुनं गाव आपल्या ठिपक्यासकट परत आलं.

त्या रविवारी मी लेख पुरा करायला त्यांच्या घरीच बसले. नकाशा टेबलावर पसरला. काका शेजारच्या खुर्चीत, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मी विचारलं, वेस कुठं होती? “नकाशात बघा.” आड? “नकाशात हाय.” देऊळ? “त्येबी हाय.” शेवटी माझा पुन्हा भडका उडाला. “काका, तुमच्या जन्माचं गाव आहे हे! नकाशात नसलेली एक तरी गोष्ट सांगा मला!”

त्यांनी मांडीखालचा एक हात काढून त्या कागदावरच्या एका घराच्या चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “मी शिकायला तालुक्याला जायचो. रोज उशीर. गाडी फाट्यावर यायची आणि मी पिशवी हुडकत घरातच. मग आई घराच्या माळवदावर चढायची आणि तिथनं हाळी द्यायची, थांब रे बाबा, लेकरू यायलंय! एवढ्या लांबनं. आणि थांबायची गाडी. कंडक्टर मास्तर दारात उभं राहून हसायचा. धाकटी माझी पिशवी घेऊन पुढं पळायची.” मग हात परत मांडीखाली घेत म्हणाले, “हे लिवू नका. ह्याला संदर्भ न्हाई. ती हाळी ऐकलेलं सांगणारं कुणी राहिलं न्हाई.”

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. एवढी वर्षं संसार केला, पण ही गोष्ट त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली होती.

मी लिहिलं नाही. लेखात नदी आहे, वेस आहे, देऊळ आहे, आड आहे, सगळं मापात आहे आणि एकही विशेषण नाही. काका रोज सकाळी ते पान उघडतात, असं काकू सांगतात, आणि अजून त्यांनी त्यातला काना-मात्रासुद्धा बदललेला नाही. पण हे पान ज्ञानकोशाचं नाही, माझं आहे, आणि इथं त्यांचा हात पोहोचत नाही. म्हणून लिहून ठेवते, की त्या गावात एक बाई होती, ती माळवदावरून हाक मारायची आणि तिच्या लेकरासाठी फाट्यावर एसटी थांबायची.